उपडी बरणी

वहीबाचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून या सप्टेंबरात
वीस किलो वांग्यांच्या वाट्याला माझे हात.

ती खुर्चीत. मी जमिनीवर, परातीपुढे.
मस्याफ ते हमा एकतीस वर्षं बस हाकली,
कुणाची बिशाद नव्हती मला 'वळव' म्हणायची.
आता अंगठ्याएवढ्या देठाशी अडलोय
आणि मागून हुकूम येतोय:
टोपी उडव, मान नको.
मान गेली की पाणी शिरतं,
पाणी शिरलं की वर्ष गेलं.

वांगी उकळत्या पाण्यात तरंगतात,
हट्टी, काळी, पोटं वर करून.
वर ताटली, ताटलीवर दगड.
गॅस जपून. पुढचा सिलिंडर सतरा दिवसांनी.
किती वेळ ठेवू?
कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की काढ.
मी वांगं दाबतो, मग माझी पाळी,
मग ओल्या बोटांनी तिची.
"माझी कशाला?"
"माप पक्कं हवं ना."

मग पोटावर एकच चीर, आरपार नाही,
आत चिमूटभर जाडं मीठ.
चिमूट कुणाची, तुझी की माझी?
यावर अर्धा तास गेला.

चाळणीत रचली, वर फळी,
फळीवर माझ्या बसचा ब्रेक-ड्रम.
बस भंगारात निघाली तेव्हा
एवढाच मागून आणला होता.
घरात लोखंड कशाला, म्हणाली होती तेव्हा.
आता दरसाल तीच मागते.
घाटउतारावर चाळीस माणसं धरून ठेवणारा तो
तीन दिवस वांगी पिळतो.
रात्री वीज गेली की
घरात तेवढीच टिपटिप.

चौथ्या दिवशी सारण.
गच्चीवर वाळलेली लाल मिरची, अक्रोड,
आणि लसूण. तो ठेचताना,
दोन्ही हात गुंतलेले, डोळ्यांत झोंबलेलं,
मी बोलून टाकलं:
गेल्या साली त्या बरणीला बुरशी धरली ना,
जकरियाचे अक्रोड नासके नव्हते.
बरणी उपडी होती बशीत, पाणी निथळत.
रात्री दोनला मी ती सुलटी केली,
झाकण काढून एक खाल्लं
आणि तशीच ठेवून झोपलो.
पाणी आतच राहिलं.
सकाळी तू वरून तेल ओतलंस.

वहीबा गप्प.
खाली गल्लीत कुणीतरी डबा फरफटत नेत होतं.
मग म्हणाली,
झाकणाला तुझ्या तंबाखूचा वास होता.

मग जकरियाशी वर्षभर अबोला का धरलास?

तो वजनात मारतोच. निमित्त हवं होतं.
आणि तू कधी सांगतोस, तेही बघायचं होतं.
वर्ष लावलंस.
हमा काही एवढं लांब नाही.

मी वांगी भरू लागलो.
अक्रोड जास्त गेला की ती खाकरायची,
कमी गेला तरी खाकरायची.
तेल यंदा चारच बरण्यांपुरतं,
कधीकाळी अकरा व्हायच्या.
गियासची बरणी ब्रेमेनला जायची आहे,
जाणारा माणूस म्हणतो, तेल नको, सांडेल.
तर कोरडीच बांधून देऊ, वहीबा म्हणते,
तेल म्हणावं तिथलं घाल.
आणि मग बराच वेळ
तिथल्या तेलाला नावं ठेवते.

चारही बरण्या उपड्या केल्या,
निळ्या बशांत, खिडकीशी.
दिवसभर मोठमोठं बोलणारी माणसं
शीर्षासनात कशी दिसतील,
तशा दिसत होत्या.

रात्री दोनला जाग आली. सवय.
स्वयंपाकघरात अंधार, चार बरण्या उपड्या,
आणि शेजारी पाचवी बशी.
तिच्यात एकच वांगं,
वर भाकरीचा तुकडा झाकलेला.

उभ्या उभ्याच खाल्लं.
कच्चं होतं. मुरायला अजून तीन आठवडे.
मीठही जास्त.
चिमूट माझीच होती.